लोहाची गोळी, चहाचा कप आणि बाकीच्या पूरक गोळ्यांचा हिशेब

लोहाची गोळी सकाळच्या चहाबरोबर घेतली तर तिचा बराचसा उपयोग वाया जातो. चहातलं टॅनिन आतड्यात लोहाला धरून ठेवतं आणि ते लोह रक्तात न जाता तसंच शौचावाटे बाहेर पडतं. गोळी महाग आहे की स्वस्त, कंपनी कुठली, याने इथे काहीही फरक पडत नाही. तरी मुंबईतल्या बहुतेक घरांत गोळ्यांची वेळ चहाचीच असते, कारण त्यानंतर डबा, आंघोळ आणि लोकल. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन जागचं हललेलं नसतं. मग "मला गोळ्या लागू पडत नाहीत" असं म्हणून त्या बंद होतात.

पूरक गोळ्यांचा फायदा खरा आहे, काही बाबतींत तर फार मोठा आहे. पण तो मिळायला शरीरात त्या घटकाची कमतरता असावी लागते आणि गोळी योग्य मात्रेत, योग्य वेळी, ठरावीक मुदतीपर्यंत घ्यावी लागते. कमतरता नसताना घेतलेल्या गोळ्यांचे मोठे अभ्यास झाले आहेत आणि त्यांचे निष्कर्ष उत्साह वाढवणारे नाहीत. अमेरिकेतल्या 'व्हायटल' या चाचणीत २५,८७१ लोकांपैकी काहींना रोज २००० आय.यू. (आंतरराष्ट्रीय एकक) ड जीवनसत्त्व, काहींना माशाचं तेल, काहींना दोन्ही आणि बाकीच्यांना नुसत्या दिखाऊ कॅप्सूल दिल्या. पाचेक वर्षांनी, २०१८ साली निकाल आले तेव्हा कर्करोग आणि हृदयविकाराच्या मोठ्या घटना खऱ्या आणि दिखाऊ कॅप्सूल घेणाऱ्यांमध्ये साधारण सारख्याच होत्या. यातल्या बहुतेकांना मुळात कमतरताच नव्हती.

लोह

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे लोहाची गोळी ही आपल्याकडे चैनीची वस्तू नाही. तरीही आधी तपासणी करावी: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि फेरिटिन. फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा. तो १५ नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर साठा संपला असं समजावं, आणि बरेच डॉक्टर ३० च्या खालीच उपचार सुरू करतात. ताप किंवा जंतुसंसर्ग असताना फेरिटिन खोटं वाढतं, त्यामुळे पावसाळ्यात डेंग्यूतून उठल्याच्या आठवड्यात ही तपासणी करू नये.

सीबीसीत आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी असते. हिमोग्लोबिन थोडं कमी, एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) बरंच कमी, पण लाल पेशींची संख्या मात्र नेहमीइतकी किंवा जास्तच, असं चित्र दिसलं तर तो थॅलेसीमिया मायनर, म्हणजे हिमोग्लोबिनमधला सौम्य आनुवंशिक दोष, असू शकतो. सिंधी, कच्छी लोहाणा आणि पंजाबी समाजांत याचं प्रमाण जास्त आहे आणि मुंबईत हे सगळे समाज मोठ्या संख्येने राहतात. निदान एचबीए२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) या तपासणीने होतं, साधारण ३.५ टक्क्यांच्या वर आकडा आला की मायनर. लोहाची कमतरता सोबत असेल तर हा आकडा खाली दबलेला येऊ शकतो, म्हणून संशय राहिल्यास साठा भरल्यावर पुन्हा तपासावं. थॅलेसीमिया मायनर असलेल्या आणि लोहाची कमतरता नसलेल्या माणसाला वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या दिल्या तर हिमोग्लोबिन वाढत नाही, लोह मात्र साठत राहतं. नवरा-बायको दोघंही मायनर असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसीमिया मेजर (याचंच गंभीर रूप) होण्याची शक्यता २५ टक्के असते, म्हणून ही तपासणी लग्नाआधी किंवा मूल होऊ देण्याआधी झालेली बरी.

आता मात्रा. पाकिटावर लोहाच्या क्षाराचं, म्हणजे संपूर्ण संयुगाचं, वजन मोठ्या अक्षरांत असतं, पण उपयोगाचं असतं ते त्यातलं शुद्ध लोह. फेरस फ्युमरेटमध्ये ते साधारण एक तृतीयांश असतं. सुक्या फेरस सल्फेटच्या २०० मिलीग्रॅमच्या गोळीत सुमारे ६५ मिलीग्रॅम. दोन ब्रँडची तुलना करताना हाच आकडा शोधावा. सरकारी लाल गोळीत ६० मिलीग्रॅम शुद्ध लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. ती गरोदर बायकांना सरकारी आरोग्य केंद्रांत फुकट मिळते आणि कामाला कुठल्याही महागड्या गोळीइतकीच चोख आहे.

रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर किंवा लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. आधी एक तास आणि नंतर दोन तास चहा, कॉफी, दूध नको. नोकरी करणाऱ्या बाईला हे जमतं ते बहुतेक सकाळी अकराच्या सुमारास ऑफिसमध्ये (ऑफिसचा चहा येण्याआधी), किंवा रात्री जेवणानंतर दोन तासांनी झोपताना. मळमळ होत असेल तर थोडं खाऊन घ्यावी. शोषण कमी होईल, पण पर्समध्ये पडून राहिलेल्या गोळीपेक्षा ते बरं.

रोज दोन-दोन गोळ्या घेतल्या की रक्त लवकर भरतं, ही समजूत चुकीची आहे. लोहाची मात्रा पोटात गेली की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं. ते सुमारे चोवीस तास आतड्याचं दार अर्धवट लोटून ठेवतं, त्यामुळे लगेच घेतलेली पुढची गोळी कमी शोषली जाते. लोह कमी असलेल्या तरुण स्त्रियांवरच्या अभ्यासांत दिवसाआड घेतलेल्या गोळीतलं लोह जास्त प्रमाणात शोषलं गेल्याचं दिसलं. दिवसाआड घेतल्याने पोटाचा त्रासही कमी होतो. सौम्य कमतरतेत डॉक्टरांना विचारून दिवसाआड घेता येते. गरोदरपणात आणि हिमोग्लोबिन फार खाली असताना मात्र डॉक्टरांनी ठरवलेलं वेळापत्रकच पाळावं.

शौचाला काळं होणं ठीक आहे. डांबरासारखं चिकट आणि घाण वास येणारं काळं झालं तर तो पोटातला रक्तस्राव असू शकतो, लगेच दाखवावं. गोळी लागू पडत असेल तर तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅमने तरी वर सरकतं. सरकलं नाही तर कारण शोधावं: चहा, रोजची पॅन्टोप्राझोलसारखी ॲसिडिटीची गोळी, पाळीत फार जास्त रक्त जाणं, जंत, गव्हाच्या ग्लूटेनमुळे होणारा सिलिॲक आजार, किंवा निदानच चुकलेलं. हिमोग्लोबिन नॉर्मल झाल्यावर आणखी तीन महिने गोळी चालू ठेवायची, कारण रक्त आधी भरतं आणि साठा नंतर. तिथे थांबायचं. पुरुषांमध्ये आणि पाळी गेलेल्या बायकांमध्ये लोहाची कमतरता निघाली तर गोळ्या देऊन मोकळं होऊ नये. पोटात किंवा आतड्यात कुठे रक्त जातंय का ते पाहणं गरजेचं असतं.

घरात लहान मूल असेल तर लोहाच्या गोळ्या कुलपात ठेवा. त्या रंगीत आणि वरून गोड असतात, आणि मुलाने मूठभर खाल्ल्या तर जीवावर बेततं.

बी-१२ आणि ड

बी-१२ ची रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम, म्हणजे नगण्य. पण ते वनस्पतीत नसतं. शाकाहारी माणसाला ते दूध-दह्यातून मिळतं, आणि एका मोठ्या पेल्यातून, २५० मिलिलिटरमधून, साधारण एक मायक्रोग्रॅमच. चहात पडणाऱ्या दुधातून काही भागत नाही. स्पिरुलिना या शेवाळातलं बी-१२ बहुतांशी शरीराला न वापरता येणाऱ्या प्रकारचं असतं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणारे, वर्षानुवर्षं ॲसिडिटीची गोळी घेणारे आणि वयस्क माणसं यांच्यात मांसाहार असूनही कमतरता येते, म्हणून मेटफॉर्मिन चालू असलेल्यांनी वर्षातून एकदा पातळी पाहावी. २०० पिकोग्रॅमच्या खाली म्हणजे कमतरता. २०० ते ३०० च्या मध्ये असेल तर होमोसिस्टिन (बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारा घटक) तपासल्यावर चित्र स्पष्ट होतं. तपासणी गोळी सुरू करायच्या आधी करावी, नंतरचा आकडा वाढलेलाच येतो.

गोळीवर १५०० मायक्रोग्रॅम लिहिलेलं पाहून घाबरायला नको. पोटातल्या वाहक प्रथिनाच्या मदतीने एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच शोषलं जातं. त्यापुढच्यातलं सुमारे एक टक्का आपोआप झिरपतं. म्हणजे १५०० तून पंधराएक मायक्रोग्रॅम हाती लागतं आणि तेवढं पुरेसं आहे. सायनोकोबालामिन स्वस्त आणि टिकाऊ, मिथाइलकोबालामिन महाग. दोन्हींनी काम होतं. हातापायांना मुंग्या येणं, चालताना तोल जाणं, विसरभोळेपणा वाढणं अशी लक्षणं असतील तर डॉक्टर सहसा इंजेक्शनने सुरुवात करतात. एक धोका मात्र लक्षात ठेवावा: बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड घेतलं तर रक्त सुधारतं, रिपोर्ट चांगला दिसतो, आणि आत नसांचं नुकसान चालूच राहतं.

ड जीवनसत्त्वाबद्दल मुंबईतला सगळ्यात पक्का गैरसमज म्हणजे सकाळचं कोवळं ऊन. शिवाजी पार्कला किंवा मरीन ड्राइव्हला साडेसहाला चालून यावं, व्यायाम म्हणून ते उत्तमच आहे. पण त्या वेळी सूर्य इतका खाली असतो की त्वचेत ड तयार करणारे अतिनील-बी किरण जवळजवळ पोचतच नाहीत. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते तेव्हाचं ऊन कामाचं, म्हणजे साधारण अकरा ते तीन. तेही थेट अंगावर; खिडकीच्या काचेतून हे किरण येत नाहीत. टॉवरमधल्या बंद काचेच्या खोलीत बसून, जून ते सप्टेंबर ढगांखाली राहून आणि दुपारभर ऑफिसात काढून पातळी १० च्या आसपास निघाली तर नवल नाही.

२५-हायड्रॉक्सी ड ची पातळी २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर आपल्याकडचा नेहमीचा उपाय म्हणजे ६०,००० आय.यू. ची पुडी किंवा कॅप्सूल, आठवड्यातून एकदा, आठ आठवडे; मग महिन्याला एक किंवा रोज १०००-२०००. ड जीवनसत्त्व मेदात विरघळतं, म्हणून तूप-तेल असलेल्या जेवणाबरोबर घ्यावं, उपासाच्या दिवशी रिकाम्या पोटी नको. इथे सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे आठवड्याची पुडी रोज घेणं. चिठ्ठीवरची अक्षरं कळत नाहीत, केमिस्ट घाईत असतो, आणि घरातले आजोबा महिनाभर रोज एक पुडी दुधात टाकून पितात. रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मग मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान, वारंवार लघवी, गोंधळलेपणा, आणि शेवटी मूत्रपिंडावर परिणाम. खोक्यावर पेनने मोठ्या अक्षरांत "दर रविवारी" लिहून ठेवणं हा साधा उपाय आहे. आठ आठवडे संपल्यावर चिठ्ठी पुन्हा पुन्हा दाखवून तीच पुडी आणत राहू नये.

सहा लाखांचं एकच इंजेक्शन घेऊन वर्षभराचं काम उरकण्याची पद्धतही टाळलेली बरी. ऑस्ट्रेलियात सत्तरी ओलांडलेल्या बायकांना वर्षातून एकदा ५ लाख आय.यू. तोंडाने दिलं, तेव्हा त्यांचं पडणं आणि हाडं मोडणं कमी होण्याऐवजी वाढलं. हा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला.

कॅल्शियम, आणि दिवसभराचं वेळापत्रक

प्रौढ माणसाची गरज दिवसाला सुमारे १००० मिलीग्रॅम. आधी ताटातलं मोजावं. १०० ग्रॅम नाचणीच्या पिठात साधारण ३५० मिलीग्रॅम असतं, एका पेल्या दुधात २५०-३००. तीळ आहेत, काट्यासकट खाल्ली जाणारी मांदेली आहे, सुकट आहे. गोळी फक्त उरलेल्या खड्ड्यापुरती. कॅल्शियम कार्बोनेटमध्ये ४० टक्के कॅल्शियम असतं, म्हणून १२५० मिलीग्रॅमची गोळी म्हणजे ५०० मिलीग्रॅम कॅल्शियम. सायट्रेटमध्ये २१ टक्के. कार्बोनेट जेवणाबरोबर घ्यावं लागतं कारण त्याला पोटातलं आम्ल लागतं. सायट्रेट कधीही चालतं, ॲसिडिटीची गोळी रोज घेणाऱ्यांना तेच बरं. एका वेळी ५०० मिलीग्रॅमपेक्षा जास्त नीट शोषलं जात नाही.

कॅल्शियम आणि लोह एकत्र घेतलं की लोहाचं नुकसान होतं, आणि दोन्ही थायरॉईडच्या गोळीला अडवतात. थायरॉक्सिनपासून या दोन्ही गोळ्या चार तास लांब हव्यात. तिन्ही चालू असलेल्या बाईचा दिवस असा बसवता येतो: सहा वाजता थायरॉक्सिन पाण्याबरोबर, सातला चहा-नाश्ता, अकराला लोह, दीड वाजता डब्याबरोबर कॅल्शियम, आणि रविवारी दुपारच्या जेवणात ड ची पुडी. बी-१२ कुठेही बसतं. टीएसएच (थायरॉईडच्या रक्ततपासणीतला आकडा) उगाच वरखाली होत असेल तर थायरॉक्सिनचा डोस वाढवण्याआधी हे वेळापत्रक तपासावं.

थायरॉईडचा विषय निघालाच आहे तर केसांच्या गोळ्यांचंही सांगायला हवं. त्यांत बायोटिन ५ किंवा १० मिलीग्रॅम असतं, रोजच्या गरजेच्या शेकडो पट. बायोटिनची खरी कमतरता दुर्मीळ आहे, त्यामुळे केस गळणं थांबण्याची आशा कमीच. पण अनेक लॅबच्या यंत्रांत तपासणीसाठी बायोटिनच वापरलेलं असतं, म्हणून रक्तात ते जास्त असलं की टीएसएच खोटं कमी आणि टी-४ (थायरॉईडचं संप्रेरक) खोटं जास्त दिसतं. थायरॉईड वाढल्याचं निदान होतं आणि नको ते औषध सुरू होतं. हृदयविकाराच्या झटक्यासाठी करतात त्या ट्रोपोनिनच्या तपासणीतही गफलत होऊ शकते. रक्त देण्याआधी निदान दोन-तीन दिवस या गोळ्या बंद ठेवाव्यात आणि लॅबला तसं सांगावं.

गरोदरपणाआधीचं फॉलिक ॲसिड

पूरक गोळ्यांमधला सगळ्यात भक्कम पुरावा कशाचा, तर याचा. बाळाच्या पाठीच्या कण्याची आणि मेंदूची नळी गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते, म्हणजे पाळी चुकल्याचं नीट लक्षात यायच्या आतच. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या १९९१ सालच्या चाचणीत, आधीच्या बाळात असा दोष असलेल्या मातांना रोज ४ मिलीग्रॅम फॉलिक ॲसिड दिल्यावर तो दोष पुन्हा येण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. पहिल्यांदाच आई होणाऱ्या बाईला ४०० मायक्रोग्रॅम पुरतं, पण ते दिवस राहण्याच्या निदान महिनाभर आधीपासून. "रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की सुरू करू" म्हणणं म्हणजे उशीर झाला. आपल्या दुकानांत ५ मिलीग्रॅमची गोळीच सहज मिळते, त्यामुळे किती घ्यायचं ते डॉक्टरांकडून आकड्यात लिहून घ्यावं.

उरलेल्या गोष्टी

'अँटिऑक्सिडंट' शब्द डब्यावर चांगला दिसतो. फिनलंडमध्ये २९,१३३ पुरुष धूम्रपान करणाऱ्यांवरच्या चाचणीत (१९९४) बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. रोज ४०० आय.यू. ई जीवनसत्त्वाने पुरुषांमध्ये प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी वाढल्याचं 'सिलेक्ट' चाचणीत २०११ साली दिसलं. सिगारेट ओढणाऱ्याने बीटा-कॅरोटिन असलेली गोळी घेऊच नये, इतकं हे स्पष्ट आहे. क जीवनसत्त्वाने सर्दी टळत नाही, रोज घेणाऱ्या प्रौढांची सर्दी जेमतेम ८ टक्क्यांनी लवकर आटपते; मॅरेथॉनसारखं टोकाचं शारीरिक कष्टाचं काम करणाऱ्यांमध्ये मात्र सर्दीचं प्रमाण अर्ध्यावर आल्याचे अभ्यास आहेत. कोव्हिडपासून अनेक घरांत ५० मिलीग्रॅमची झिंकची गोळी सवयीने चालू आहे. ती बंद करावी. दीर्घकाळ रोज ४० मिलीग्रॅमच्या वर झिंक घेतलं तर शरीरातलं तांबं कमी होतं आणि बी-१२ च्या कमतरतेसारखीच लक्षणं दिसतात.

माशाच्या तेलाच्या १००० मिलीग्रॅमच्या साध्या कॅप्सूलमध्ये ईपीए आणि डीएचए (माशातले उपयोगी ओमेगा-३ मेद) मिळून ३००च असतं; मागचा आकडा वाचावा. एक कॅप्सूल कापून वास घ्यावा, खवट आला तर डबा परत करावा. आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली खाणाऱ्याला हा खर्च करायची गरज नाही. जवसातलं ओमेगा-३ वेगळ्या प्रकारचं असतं, शरीर त्याचं ईपीए-डीएचए फारच थोडं करतं. जवसाची चटणी जरूर खावी, पण माशाला पर्याय म्हणून नव्हे.

प्रथिनांच्या पावडरीत ३० ग्रॅमच्या मापात २४ ग्रॅम प्रथिन असेल तर माल ठीक. साहित्याच्या यादीत माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पूड) वरच्या क्रमांकावर असेल, किंवा ग्लायसिन, टॉरिन वेगळं लिहिलेलं असेल, तर सोडून द्यावा. प्रयोगशाळा बहुतेकदा नायट्रोजन मोजून प्रथिनाचा अंदाज काढते, आणि स्वस्त अमिनो आम्लं मिसळून तो आकडा फुगवता येतो. क्रिएटिन मोनोहायड्रेट रोज ३ ते ५ ग्रॅम, हे जिममध्ये जाणाऱ्यांसाठी खरोखर पुरावा असलेलं थोडक्यांतलं एक. त्याने रक्तातलं क्रिएटिनिन थोडं वाढलेलं दिसतं, म्हणून मूत्रपिंडाच्या तपासणीआधी डॉक्टरांना सांगावं.

वनस्पतीजन्य म्हणजे निर्धोक असं नाही. कोव्हिडच्या काळात गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचा अहवाल मुंबईतल्याच डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केला. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. अश्वगंधा आणि ग्रीन टीच्या अर्काबाबतही अशा नोंदी आहेत. यापैकी काही घेताना लघवी गडद पिवळी होणं, भूक मरणं, डोळे पिवळे होणं यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी बंद करून एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी) तपासावं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर के जीवनसत्त्व असलेली मल्टिव्हिटॅमिन, हळदीचे अर्क, माशाच्या तेलाचे मोठे डोस यांतलं काहीही न विचारता सुरू करू नये.

विकत घेताना एफएसएसएआयचा (केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) चौदा आकडी परवाना क्रमांक, प्रत्येक घटकाची मात्रा आणि मुदतीची तारीख पाहावी. 'प्रोप्रायटरी ब्लेंड' म्हणून सगळ्याचं मिळून एकच वजन दिलेलं असेल तर घेऊ नये. आणि मुंबईच्या हवेत साठवणं हीदेखील अर्धी लढाई आहे. डब्यावर "२५ अंशांखाली" लिहिलेलं असतं आणि आपल्या स्वयंपाकघरात गॅसशेजारच्या फळीवर मे महिन्यात त्याहून कितीतरी जास्त असतं. बाथरूममधलं कपाट त्याहून वाईट. बेडरूममधलं, भिंतीला ओल न येणारं कपाट बरं. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांची नळी उघडल्यावर लगेच घट्ट लावावी, झाकणातली ओल शोषणारी पुडी काढून टाकू नये, आणि पावसाळ्यात मोठा डबा न आणता महिन्याभराचाच घ्यावा. फ्रिजमध्ये ठेवायला सांगितलेलं प्रोबायोटिक दुकानात फ्रिजबाहेर ठेवलेलं दिसलं तर तिथून ते घेऊ नये. कॅप्सूल एकमेकींना चिकटल्या असतील, क जीवनसत्त्वाच्या गोळीवर तपकिरी डाग आले असतील, तर तारीख बाकी असली तरी त्या टाकून द्याव्यात.